जंघा, नडगी आणि मांडी : पायाच्या अस्थिनामांविषयी काही विचार

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका कामगाराचे नुकसानभरपाईचे कागद गेल्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखकाकडे अभिप्रायासाठी आले. यंत्राचा जड भाग पायावर पडून त्याचे हाड मोडले होते. मूळ वैद्यकीय दाखला इंग्रजीत असून त्यात 'टिबिया' ह्या अस्थीचा भंग नोंदलेला होता. भाषांतरकाराने परिभाषाकोश समोर ठेवून त्याचे मराठी 'जंघास्थिभंग' असे केले. कागद ज्या कार्यालयात गेले तेथील लिपिकाने त्यावर शेरा मारला, की दाखल्यात मांडीचे हाड मोडल्याचे म्हटले आहे आणि जोडलेल्या छायाचित्रात तर प्लास्टर गुडघ्याखाली दिसते. सबब विसंगतीचा खुलासा करावा. येथे परिभाषा करणारा चुकला नव्हता, भाषांतरकार चुकला नव्हता, आणि खरे पाहता लिपिकही चुकला नव्हता. कोणाचीच चूक नाही आणि तरी कागद परत येतो, ही अवस्था भाषेच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे.

संस्कृत वैद्यकात जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग. मराठीत 'जांघ' म्हणजे मांडीचा वरचा भाग, किंबहुना मांडी व ओटीपोट ह्यांमधली खाच. 'जांघेत गाठ आली' असे आपण म्हणतो तेव्हा गुडघ्याखालचा भाग कोणाच्याही मनात येत नाही. शब्द एकच आहे; मधल्या दोन-अडीच हजार वर्षांत तो पायावरून वर चढला आहे. परिभाषा रचणाऱ्यांनी त्याला पुन्हा मूळ जागी नेऊन बसविले, परंतु बोलणारा समाज त्याच्याबरोबर खाली उतरला नाही. हे स्थलांतर कसे घडले आणि त्याचा परिभाषेशी काय संबंध, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेणे इष्ट. नितंबाचे हाड सोडले तर प्रौढ मनुष्याच्या एका पायात ३० अस्थी असतात. मांडीत एक, गुडघ्यावर वाटी एक, गुडघ्याखाली दोन आणि पावलात २६. गुडघ्याखालच्या दोहोंपैकी आतल्या बाजूचे जाड हाड ते टिबिया व बाहेरच्या बाजूचे काटकुळे ते फिबुला. टिबियाची पुढची कड त्वचेच्या लगेच खाली असते, तिच्यावर मांस नसते. म्हणूनच खाटेच्या गातावर नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. घोटा म्हणून जे दोन उंचवटे हातास लागतात ती स्वतंत्र हाडे नव्हेत. आतला घोटा हे टिबियाचे खालचे टोक आहे आणि बाहेरचा फिबुलाचे. ह्या दोन टोकांच्या चिमट्यात 'टेलस' नावाचे हाड बसलेले असते. सबंध शरीराचा भार त्यावरून पावलात उतरतो, आणि तरी एकही स्नायू त्याला चिकटलेला नसतो. ते बाहेरून दिसत नाही, हातास नीट लागत नाही. त्यामुळेच की काय, मराठीत त्याला नाव नाही. त्याच्या खालचे टाचेचे हाड पावलातील सर्वांत मोठे. त्याला मात्र नावाची वाण कधीच पडली नाही.

जंघा शब्दाचा सर्वांत जुना उल्लेख ऋग्वेदात सापडतो. पहिल्या मंडलातील अश्विनांच्या सूक्तात विश्पला नावाच्या स्त्रीचा पाय युद्धात तुटला व अश्विनांनी तिला धातूची जंघा बसविली, अशी कथा सूचित केली आहे. तेथे जंघा म्हणजे पायाचा नेमका कोणता भाग हे ठरविता येत नाही. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडातील पुरुषरचनेचे सूक्त मात्र अधिक उपयोगी आहे. कवी माणसाच्या रचनेविषयी प्रश्न विचारीत टाचेपासून वर वर जातो : टाचा कोणी आणल्या, घोटे खाली व गुडघे वर कोणी केले, जंघा कोठे ठेवल्या, सांधे कोठे. घोटा व गुडघा ह्यांच्या संगतीतच जंघा येते आणि मांडीसाठी 'ऊरु' हा शब्द स्वतंत्रपणे पुढे येतो. शरीराची ही यादी वैद्याने केलेली नाही. तरीही तिचा क्रम शवविच्छेदन करणाऱ्याच्या क्रमाइतकाच नेटका आहे.

सुश्रुतसंहितेत संशयास जागाच उरत नाही, कारण तेथे शब्दाची व्याप्ती त्याच्या सीमांनी ठरविलेली आहे. शारीरस्थानातील मर्मविचारात पाऊल आणि जंघा जेथे मिळतात तेथे गुल्फ हे मर्म, जंघा व ऊरु जेथे मिळतात तेथे जानु हे मर्म, आणि टाचेच्या रेषेत जंघेच्या मध्यावर इंद्रबस्ति हे मर्म सांगितले आहे. घोटा ही खालची हद्द व गुडघा ही वरची. शेताच्या चतुःसीमा लिहाव्यात तशी ही व्याख्या आहे.

सुश्रुताची अस्थिगणना येथे थोड्या विस्ताराने पाहण्यासारखी आहे. तो शरीरातील एकूण अस्थी ३०० मानतो. चरक दात, दातांची उखळे व नखे धरून ३६० मानतो. आधुनिक गणना २०६ ची आहे. ह्या तफावतीवरून प्राचीनांचे अज्ञान दाखविण्याची एक रीत होती, आणि त्यांच्या सर्वज्ञतेचे समर्थन करण्याची दुसरी. दोन्ही रीती सारख्याच निरुपयोगी आहेत. एका पायाचा हिशेब सुश्रुत असा देतो : प्रत्येक बोटात तीन ह्याप्रमाणे १५, तळ, कूर्च आणि गुल्फ ह्यांच्या आश्रयाने असलेल्या १०, टाचेत १, जंघेत २, गुडघ्यात १, मांडीत १. बेरीज ३०. आधुनिक बेरीजही ३० च आहे हे पाहून वाचकास आनंद होईल. परंतु तपशिलात उतरल्यास आनंद थोडा आवरावा लागतो. पायाच्या अंगठ्यात हाडे दोनच असतात, तीन नव्हेत. म्हणजे बोटांची खरी संख्या १४. उलट उरलेल्या पावलात सुश्रुत टाच धरून ११ अस्थी मोजतो आणि प्रत्यक्षात त्या १२ आहेत. एका बाजूस एक जास्त, दुसऱ्या बाजूस एक कमी, आणि बेरीज जुळलेली. जमाखर्च लिहिणाऱ्यांना अशा जुळणीचा अनुभव असतोच.

परंतु भाषाभ्यासकास ह्या चुकांचे स्वरूप अधिक महत्त्वाचे वाटते. सुश्रुताने सांगितलेली पाहण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. प्रेत गवताने व सालींनी वेढून, पिंजऱ्यात ठेवून, एकांतातील वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावयाचे आणि मग वाळा, केस, बांबू इत्यादींच्या कुंच्याने हळूहळू घासत थरामागून थर पाहावयाचे. ह्या पद्धतीत मांस सुटते. पण पावलाच्या मध्यभागी असलेली लहान हाडे चिवट बंधनांनी एकमेकांना इतकी घट्ट बांधलेली असतात की ती सुटी होण्याचा संभव कमी. पाहणाऱ्यास तेथे एक जुडगा दिसणार. 'कूर्च' ह्या शब्दाचा अर्थही जुडगा, कुंचा असाच आहे. आणि ह्याच्या उलट घोटे : ती वस्तुतः नळ्यांची टोके, परंतु 'गुल्फ' हा शब्द वैद्यांच्या हाती वेदकाळापासून तयार होता. शब्द आहे म्हणजे वस्तू आहे, ह्या न्यायाने चरकाने दोन पायांत चार गुल्फ मोजले. टेलससारखे खरे, स्वतंत्र, पण अदृश्य हाड ह्या हिशेबात वेगळे उभेच राहिले नाही. जेथे डोळा व हात पोचत नाही तेथे गणना शब्दाच्या मागोमाग जाते, असा एक निष्कर्ष ह्यावरून काढावासा वाटतो.

ह्या गणनांचा कसून अभ्यास करणारा पहिला आधुनिक पंडित रुडॉल्फ हॉर्नले हा मूळचा भाषाशास्त्रज्ञच होता हे येथे नमूद करण्यास हरकत नाही. उत्तर हिंदुस्थानातील भाषांचे तुलनात्मक व्याकरण त्याने १८८० साली प्रसिद्ध केले आणि प्राचीन भारतीय अस्थिविज्ञानावरचा त्याचा ग्रंथ ऑक्सफर्डहून १९०७ साली निघाला. हाडांच्या याद्या तपासताना त्याने पाठभेद, टीकाकार व समांतर ग्रंथ ह्यांची जी छाननी केली ती भाषाशास्त्राच्या शिस्तीवाचून शक्य नव्हती. चरकाची ३६० ची गणना याज्ञवल्क्यस्मृतीतही येते, आणि त्या स्मृतीवर कोकणच्या शिलाहार घराण्यातील अपरार्क राजाने बाराव्या शतकात टीका लिहिली. हाडांची चर्चा अशा रीतीने धर्मशास्त्राच्या वाटेनेही आपल्या प्रदेशात पोचली होती.

जंघेचा अर्थ नेमका लागणे हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाही. सुश्रुताने चिकित्सास्थानात जंघा व ऊरु मोडल्यास रोग्यास लाकडी फळीवर निजवून पाय खुंट्यांना बांधण्याचा उपाय सांगितला आहे. खुंट्या पाच : सांध्यांच्या दोन्ही अंगांस दोन-दोन आणि तळव्याशी एक. जंघा म्हणजे नडगीचा भाग हे ज्याला ठाऊक आहे तो खुंट्या गुडघा व घोटा ह्यांच्या अंगास ठोकील. जंघा म्हणजे जांघ असे समजणारा त्या कमरेकडे नेईल, आणि मोडलेले हाड मोकळेच राहील. चिकलठाण्याच्या कागदावर जो घोटाळा झाला तोच येथे रोग्याच्या पायावर झाला असता.

अमरकोश हा लोकभाषेचा नव्हे, साहित्यभाषेचा आरसा. त्यातही जंघा व ऊरु ह्यांचे स्थान जुनेच आहे. मनुष्यवर्गात पावलापासून वर जाताना घोट्यांना 'घुटिका' व 'गुल्फ', त्यांखाली 'पार्ष्णि', मग जंघा, मग जानु, मग 'सक्थि' व 'ऊरु', आणि शेवटी मांडीच्या सांध्यास 'वंक्षण' अशी मालिका लागते. आज मराठीत ज्याला जांघ म्हणतात तो भाग म्हणजे अमरसिंहाचा वंक्षण. निरोप्यास किंवा हरकाऱ्यास अमरकोशात 'जांघिक' म्हटले आहे. जो पायांच्या बळावर पोट भरतो तो. मराठीत हाच शब्द 'जांघिया' होऊन पहिलवानाच्या कमरेस गेला, असे मात्र समजू नये. जांघिया हा जांघ शब्दाच्या नव्या अर्थावरून झालेला आहे, आणि ह्या दोन साधितांत अर्थाचा सबंध प्रवास सामावला आहे : एक धावणाऱ्याच्या पोटरीवरून, दुसरा लंगोटाच्या जागेवरून.

आता हा प्रवास. जंघेचे मूळ 'पाऊल टाकणे' ह्या अर्थाच्या इंडोयुरोपीय धातूत आहे. लिथुआनियन भाषेतील 'चालणे' ह्या अर्थाचे क्रियापद आणि जर्मन 'गांग' हे त्याच कुळातले. अवेस्तेत ह्याच शब्दाचे भावंड 'झंग' हे घोट्याचे नाव आहे. म्हणजे इराणी शाखेत घोटा, संस्कृतात नडगीचा भाग. पुढे काश्मिरीत 'ज़ंग' म्हणजे सबंध पाय, पंजाबीत 'जंघ' म्हणजेही पाय. आणि हिंदी, गुजराती व मराठी ह्यांत मांडी किंवा तिच्यावरचा भाग. नकाशावर ही रूपे मांडली तर अर्थाची चढण टप्प्याटप्प्याने दिसते. गुडघ्याखालचा भाग एकदम गुडघ्यावर गेला नाही. आधी शब्दाने सगळा पाय व्यापला आणि मग खालचा भाग सोडून दिला. काश्मिरी व पंजाबी भाषांनी मधली पायरी जपून ठेवली नसती तर ह्या उडीचा खुलासा करणे अवघड झाले असते.

खालचा भाग का सोडावा लागला, ह्याचे उत्तर शेजारच्या शब्दांत शोधले पाहिजे. शब्द एकटा राहत नाही. शेजारी सरकले की त्यालाही सरकावे लागते. संस्कृतात 'पाद' मुख्यतः पावलापुरता होता. मराठीत त्याचा 'पाय' झाला आणि तो कमरेपासून बोटांपर्यंत पसरला. मग पावलासाठी 'पाऊल' हा वेगळा शब्द वापरावा लागला. सगळ्या पायाचे नाव पायाने घेतल्यावर त्या अर्थी जंघेस मराठीत जागा उरली नाही. गुडघ्याखाली मागच्या बाजूस पोटरी व पुढच्या बाजूस नडगी ठाण मांडून बसल्या. राहिला वरचा भाग, आणि तेथे नेमकी जागा रिकामी होत होती.

ती रिकामी का होत होती? ऊरु हा शब्द बोलींतून नाहीसा झाला म्हणून. ह्याचे कारण ध्वनीत असावे असे माझे मत आहे. मराठीच्या नियमाप्रमाणे ऊरु शब्दाचा अंत्य स्वर गळून 'ऊर' व्हावयाचा. आणि 'उरस्' पासून झालेला 'ऊर' म्हणजे छाती हा शब्द तर मराठीत ठाम रुजलेला. ऊर भरून येतो, ऊर फुटतो, ऊर बडवून घेतला जातो. ह्या प्रयोगांत मांडी शिरली असती तर अनवस्थाच. फ्रेंच बोलीशास्त्रज्ञ झ्यूल झिलिएरॉं ह्याने गॅस्कनी प्रांतातील असेच उदाहरण प्रसिद्ध केले : तेथे ध्वनिबदलाने कोंबडा व मांजर ह्यांची नावे एक झाली आणि शेतकऱ्यांनी कोंबड्यास दुसरे नाव दिले. ऊरु व उरस् ह्यांच्या टकरीत ऊरु हरला असे म्हणता येईल. अर्थात् ही उपपत्ती आहे, सिद्धांत नव्हे. ऊर म्हणजे मांडी असा प्रयोग असलेला जुना मराठी उतारा कोणी दाखविल्यास तिला बळकटी येईल.

रिकाम्या जागेवर मांडी व जांघ अशा दोन शब्दांनी हक्क सांगितला आणि त्यांनी ती वाटून घेतली. 'मांडी' शब्दाचे मूळ वादग्रस्त आहे. 'मांडणे' ह्या क्रियापदाकडे ओढा जाणे स्वाभाविक आहे, कारण बसताना आपण मांडी घालतो, म्हणजे पाय मांडूनच ठेवतो. परंतु कन्नडमध्ये 'मंडि' म्हणजे गुडघा आणि तमिळमध्ये त्याच कुळातला शब्द गुडघे टेकण्याच्या आसनासाठी आहे, हे विसरून चालणार नाही. मराठी व कन्नड ह्यांचा सहवास लक्षात घेता हा शब्द दक्षिणेकडून आला असणे मला अधिक संभवनीय वाटते. तसे असेल तर तोही जंघेप्रमाणेच वर चढला आहे, फक्त एकच पायरी.

दुर्योधनाच्या कथेत ह्या सर्व उलथापालथीचा पुरावा लोकांसमोर उभा आहे. महाभारतात भीमाने दुर्योधनाचा ऊरु भंग केला. भासाच्या नाटकाचे नावच ऊरुभंग आहे. मराठी कीर्तनकार दुर्योधनाची मांडी फोडतो. हिंदीत मात्र ती जंघा झाली, आणि १९८८ ते १९९० ह्या काळात दूरदर्शनवर महाभारताची हिंदी मालिका घरोघरी पाहिली गेली तेव्हा मराठी श्रोत्यांच्या कानांतही जंघा म्हणजे मांडी हा अर्थ पक्का झाला. आमच्या लिपिकाच्या शेऱ्यामागे कोशापेक्षा ही मालिका अधिक असावी अशी मला शंका आहे.

सगळेच शब्द असे चंचल नसतात हे दाखविण्यासाठी घोट्याचे उदाहरण घ्यावे. अमरकोशातील घुटिका हीच घोट्याची पूर्वज. तिच्या कुळातील शब्द गुजरातीत 'घूंटी' होऊन घोट्यावर आणि 'घूंटण' होऊन गुडघ्यावर राहिला. हिंदीत 'घुटना' होऊन तो गुडघ्यावरच गेला. मराठीत घोटा आपल्या जागेवरून हलला नाही. ह्याचे एक कारण व्यवहारात आहे. चिकलठाणा हे गावाचे नावच चिखलाच्या ठाण्याचे. त्या नावात 'चिखल' शब्दाचे महाप्राण नसलेले रूप टिकून राहिले आहे. सुखना नदीच्या काठच्या काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर किती चिखल झाला हे माणूस आपल्या पायावरच मोजून सांगतो : घोटाभर चिखल, गुडघाभर पाणी, मांडीइतके पाणी, मग कमरेइतके. मोजमापाच्या पट्टीवरील खूण सरकली तर व्यवहार थांबतो. म्हणून अशा खुणांचे शब्द टिकाऊ असतात. जंघा ही खूण कधीच नव्हती. ती दोन खुणांमधली लांबी होती, आणि लांबीचे नाव घसरण्यास वाव असतो. पोटरीचेही असेच झाले असते, परंतु तिला फुगीर आकाराचा आधार आहे. ज्वारी पोटरीत आली असे ह्या भागातला शेतकरी म्हणतो, तेव्हा कणीस बाहेर पडण्यापूर्वी फुगलेल्या ताटास तो माणसाच्या पायाचे नाव देत असतो, की पायास ताटाचे, हे सांगणे कठीण आहे.

घोटा शब्दाच्या ह्या नेमकेपणाचा पुरातत्त्वासही उपयोग झाला आहे. औरंगाबादेहून फार दूर नसलेल्या नेवाशास १९५४ ते १९५६ मध्ये आणि पुढे घोडनदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ ह्या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनने केली. त्यांत ताम्रपाषाणयुगातील जोर्वे संस्कृतीची दफने सापडली. इनामगावात लहान मुलांना दोन मडक्यांत तोंडाशी तोंड लावून पुरीत; प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे निजवीत आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडून टाकीत. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसविलेला एक प्रौढ पुरुष सापडला. त्याची पावले मात्र शाबूत होती, आणि तो वस्तीचा प्रमुख असावा असा अभ्यासकांचा तर्क आहे. मृताने परत चालत येऊ नये म्हणून पावले तोडीत, असे स्पष्टीकरण सामान्यतः देतात. त्याची चर्चा येथे प्रस्तुत नाही. एवढेच पाहावे की 'घोट्याखाली तोडलेले पाऊल' ह्या तीन शब्दांत जे कळते ते 'गुल्फसंधीच्या अधोभागी छेदित' असे लिहिल्याने अधिक कळत नाही.

लपलेल्या हाडांना नाव देताना सर्वच भाषांनी घरातल्या वस्तूंकडे धाव घेतलेली दिसते. लॅटिन टिबिया म्हणजे पावा. अरबी वैद्यकात ह्याच हाडास 'कसबा' म्हणजे वेत, बोरू. सुश्रुताने लांब हाडांचा वर्गच 'नलक' म्हणून मानला. आणि मराठीत नळी. नड म्हणजे बोरूच्या जातीचे गवत. नडगी हा शब्द त्याच घरातला मानण्यास हरकत दिसत नाही. गुडघ्यावरच्या हाडास लॅटिनमध्ये पटेला म्हणजे लहान थाळी, चरकाकडे 'जानुकपालिका' म्हणजे गुडघ्याचे खापर, मराठीत वाटी. ह्यात कोणी कोणाचे उसने घेतलेले नाही. भांडी सर्वांच्या घरी होती. उलट पावलातील नौकेच्या आकाराच्या हाडाचे नाव मात्र निखालस उसने आहे. ग्रीक वैद्यांनी त्याला होडीसारखे म्हटले, अरबांनी होडी ह्या अर्थाच्या शब्दावरून 'ज़ौरकी', लॅटिनमध्ये नाविक्युलर, आणि कलकत्त्याच्या गणनाथ सेनांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या 'प्रत्यक्षशारीरम्' ह्या संस्कृत ग्रंथाने त्याला 'नौनिभ' केले. टेलसचे जुने ग्रीक नाव फाशाचे आहे, कारण मेंढराच्या त्या हाडाने तेथे फासे खेळत. अरबी 'काब' शब्दाचाही फाशाशी संबंध आहे. वैदिक जुगारी बेहड्याच्या फळांनी खेळत, म्हणून घोट्याच्या हाडाकडे त्यांचे लक्ष गेले नाही; हे मी थोडे विनोदाने म्हणतो, पण सर्वस्वी नव्हे.

अरबी नावांचा येथे उल्लेख केला तो निष्कारण नाही. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, आणि हैदराबादेस १८४६ साली निघालेल्या वैद्यकीय शाळेत शिक्षण उर्दूतून दिले जाई. १९१७ साली भाषांतरखाते आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर शास्त्रीय उर्दू परिभाषेचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. त्या चळवळीचे धुरीण मौलवी अब्दुल हक हे दीर्घ काळ औरंगाबादेस होते. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू ह्या संस्थेचा कारभार ते येथूनच चालवीत. इब्न सीनाच्या ग्रंथात पावलाच्या अस्थी २६ मोजल्या आहेत व प्रत्येक गटास नाव आहे. ह्या तयार भांडारामुळे उर्दू परिभाषाकारांचे काम संस्कृताकडे पाहणाऱ्यांपेक्षा सोपे होते. तरी त्यांनाही तोच पेच पडला असणार : 'साक' हा ग्रंथातला शब्द, आणि बाजारात बोलला जाणारा शब्द 'पिंडली'. १९५६ साली औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते इंग्रजी माध्यमाचे, आणि हा सगळा वाद तेथेच थांबला. उर्दू नावांतील एक-दोन मात्र शहराच्या खाटीकगल्लीत सुखाने नांदत आहेत. 'रान' मागितल्यास मांडीचे मांस मिळते, आणि मराठी गिऱ्हाइकास तेथे अरण्य आठवत नाही.

मराठी परिभाषा गणनाथ सेनांच्या वळणावर गेली. टिबियाला जंघास्थि, फिबुलाला अनुजंघास्थि ही त्यांची घडण. तीच कमीअधिक फरकाने आपल्याकडे उतरली. सेनांनी लिहिले ते संस्कृतात व वैद्यांसाठी, आणि त्यांच्या वाचकास जंघा कोठे असते हे सुश्रुतावरून ठाऊक होते. त्यांच्या शब्दास दोष देता येत नाही. दोष असला तर तो असा की संस्कृत व मराठी ह्यांत एकाच रूपाचे पण वेगळ्या अर्थाचे जे शब्द आहेत त्यांची यादी परिभाषेपूर्वी कोणी केली नाही. ज्यांचा मराठीत मागमूस नाही असे ऊर्वस्थि, पार्ष्णि, प्रपद हे शब्द क्लिष्ट खरे, पण निरुपद्रवी आहेत : वाचकास ते कळत नाहीत, आणि कळत नाहीत हे त्याला कळते. जंघा कळते असे वाटते, आणि म्हणूनच ती घातक ठरते.

आयुर्वेद महाविद्यालयात जंघा सुश्रुताच्याच अर्थी शिकवावी. तेथे दुसरा मार्ग नाही. रोगी, कामगार, न्यायालय आणि कचेरी ह्यांच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या मराठीत मात्र टिबियाला 'नडगीचे हाड' म्हणावे असे माझे स्पष्ट मत आहे. नडगी हा ग्राम्य शब्द आहे हा आक्षेप मी ऐकला आहे; लॅटिन टिबियाही गुराख्याच्या पाव्याचाच शब्द होता. फिबुलाची अडचण खरी आहे. तिला मराठीत नाव नाही, 'नडगीबाहेरची बारीक नळी' ही संज्ञा नव्हे, वर्णन आहे, आणि ते वर्णन दाखल्यात बसत नाही. हाडवैद्य काय म्हणतात हे मी चिकलठाणा व करमाड ह्या बाजूंस विचारून पाहिले. दोन्हीकडे ती 'दुसरी नळी' होती. सुश्रुतानेही जंघेत दोन एवढेच म्हटले आणि नाव दिले नाही.

कामगाराच्या कागदांवर मी दीड पानाचे टिपण लिहून दिले. त्यात अथर्ववेद, सुश्रुत आणि अमरकोश ह्यांचे आधार क्रमाने दिले, आणि खाली शाईने पायाची एक आकृती काढून गुडघा, नडगी व घोटा ही तीन नावे बाणांनी दाखविली. महिन्याभराने खुलासा मान्य झाल्याचे समजले. मंजुरीच्या पत्रात आधारांपैकी एकाचाही उल्लेख नव्हता. 'सोबतच्या आकृतीनुसार नडगीचे हाड' एवढेच लिहिले होते.